सर, त्या तळहाताबद्दल

आदरणीय सर,

तुमच्यासमोर आभार मानायला गेलं की "चला रे, वॉर्मअप" म्हणत तुम्ही पोरांकडे वळता. म्हणून हे उघड पत्र. आता वळा कुठे वळताय ते!

पाठीवर पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. दिसतात ते भिंतीच्या 5 मीटर अलीकडे टांगलेले झेंडे. झेंडे डोक्यावरून गेले की हात मोजायचे, सगळी भिस्त त्या मोजणीवर. माझ्या लेकीची मोजणी पाच हातांची. मग ती वर्षभरात ताडमाड वाढली, हात लांब झाले आणि पाचवा हात पुरा फिरायच्या आत भिंत डोक्याशी यायला लागली. एकदा जोरात आपटली. टाके निघाले, भीती राहिली. झेंडे दिसले की मान वळवून मागे बघायची आणि टायमिंग तिथेच जायचं.

आधीच्या कोचचं यावरचं निदान: "लक्ष नसतं हिचं." सरावाला झेंडे लावा म्हटलं, तर "स्पर्धेच्या आठवड्यात लावू." दोरी कोपऱ्यात गुंडाळून पडलेली, आणि घाबरट कोण, तर पोरगी! शेवटी "बॅकस्ट्रोक संपला हिचा, फ्रीस्टाइलला टाका" असा निकालही तिच्यादेखत देऊन झाला. वाढत्या वयाच्या पोरीला असं तोंडावर सांगताना यांची जीभ कशी रेटते, देव जाणे.

तुम्ही आल्या आल्या टेप लावून अंतर मोजलंत आणि झेंडे बांधलेत. तिची मोजणी नव्याने बसवलीत, चार हातांवर. तिला ते कमीपणाचं वाटत होतं, तेव्हा तुम्ही 1988 च्या सोल ऑलिंपिकमधल्या डेव्हिड बर्कॉफची गोष्ट सांगितलीत. तो बॅकस्ट्रोकमध्ये सुरुवातीचं बरंचसं अंतर पाण्याखालूनच कापायचा. पुढे त्यावर मर्यादा आली, आज ती 15 मीटर आहे. "अगं, तिथे नियम बदलले. तुझी तर नुसती मोजणी बदलतेय." किती दिवसांनी हसली ती!

पण हे सगळं एखादा जाणता कोच करेलच. मी विसरणार नाही तो तुमचा हात. तिच्या लेनच्या टोकाला पाण्यात उभं राहून तुम्ही बोटं पसरून तळहात भिंतीपुढे धरायचात, बरोबर तिचं डोकं येईल तिथे. "चुकलीस तर माझ्या हातावर येशील. मागे बघायचं नाही." ती आलीही. टाइल्सवर तुमची बोटं सोलवटली. तुम्ही हात पाण्यात बुडवलात आणि म्हणालात, "परत."

मग एके सकाळी तिला न सांगताच तुम्ही हात काढून घेतलात. तिला पत्ताही नाही! वर गॅलरीत बसलेल्या मला तेवढा दिसला.

तंत्र शिकवणारे पुष्कळ भेटतात हो. पोरांची भीती खरी मानणारी माणसं कमी. ती थट्टा करत नाहीत, आई-बापांना व्याख्यान देत नाहीत, आपलं काम करत राहतात. तुमच्याकडे बघून इथली मोठी पोरंही आता लहानांसाठी भिंतीपाशी उभी राहतात. कुणी सांगितलेलं नाही त्यांना.

तिचं जुनं टायमिंग अजून आलेलं नाही. तुम्ही विचारत नाही, त्यामुळे तीही धसका घेत नाही. पुढच्या स्पर्धेत 200 मीटर बॅकस्ट्रोकला नाव मात्र तिने आपणहून दिलंय, आम्हाला न विचारता.

तुमची मनापासून आभारी,
एका बॅकस्ट्रोकवालीची आई