कार रेसिंगमधल्या ‘घोस्ट’ची तारीख तरी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोबाइल गेमवर वाचकांचे पत्र आले की ते बहुधा मुलांच्या व्यसनाबद्दल असते. माझी तक्रार वेगळी आहे. मी स्वतः कार रेसिंगचा गेम खेळते, रोज झोपण्यापूर्वी, आणि तो आवडतो म्हणूनच हे लिहायला बसले. नोकरीची सगळी वर्षे मी क्रीडाशिक्षिका होते. मैदानी स्पर्धांना टायमर म्हणून उभी राहायचे. हातात स्टॉपवॉच आणि डोक्यावर ऊन. त्यामुळे शर्यत आणि वेळ या दोन गोष्टींत कुणी हात मारला की मला गप्प बसवत नाही.

आमचा गेम सरळ रस्त्यावरचा. दोन गाड्या, सिग्नल, आणि काटा हिरव्या पट्टीत आला की गिअर टाकायचा. आधी ‘प्रतिस्पर्धी शोधत आहोत’ म्हणून चक्र फिरते, मग एक नाव, एक झेंडा, एक फोटो झळकतो आणि नाणी पणाला लागतात. बघणाऱ्याला वाटते, तिकडेही कुणीतरी अंगठा रोखून बसले आहे. एकदा सिग्नल सुटताच मी फोन एअरप्लेन मोडवर टाकला. नेट बंद, तरी शेजारची गाडी जराही न अडखळता दुसरा गिअर, तिसरा गिअर, नायट्रो (गाडीला क्षणभर जादा वेग देणारे बटण) असे करत रेषेपार गेली. नेट नसल्याचे गेमला नंतर आठवले! पुढे तोच गडी पुन्हा वाट्याला आला, तेव्हाही त्याने तिसरा गिअर तसाच अंमळ उशिरा टाकला आणि वेळ नोंदवली ती हजारांश सेकंदापर्यंत तीच. मी आयुष्यभर माणसे धावताना पाहिली आहेत. माणसाला हे जमत नाही.

पोरे याला ‘घोस्ट’ म्हणतात. कुणीतरी कधीतरी मारलेली रेस सर्व्हरवर साठवून ठेवायची आणि ती माझ्या शेजारी पुन्हा चालवायची. यात मुळात वावगे काही नाही. ‘सुपर मारिओ कार्ट’ या गेममध्ये १९९२ साली टाइम ट्रायलला, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावायच्या शर्यतीत, स्वतःच्याच आधीच्या फेरीशी झुंजता येत होते. २०१३ च्या ‘रिअल रेसिंग ३’ने तर मित्र झोपलेला असतानाही त्याच्या वेळेशी रेस लावण्याची सोय केली आणि ‘टाइम शिफ्टेड मल्टिप्लेअर’ असे तिचे नावच जाहीर करून टाकले. मोबाइलवर ही सोय लागतेच. रेंज कधी जाईल सांगता येत नाही, आणि समोरच्याचे नेट रखडले की त्याची गाडी एकदम गायब होऊन पुढे कुठेतरी उगवते. त्यापेक्षा घोस्ट बरा.

माझे भांडण पुढे सुरू होते. मैदानावर नुसत्या वेळेला किंमत नसते. शंभर मीटरला पाठीमागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा असेल, तर घड्याळ काहीही दाखवो, तो विक्रम म्हणून धरत नाहीत. या गेममध्ये मात्र दर काही आठवड्यांनी अपडेट येते. कधी नायट्रो कमी होतो, कधी एखाद्या गाडीचे गिअर बदलतात. माझी गाडी आजच्या नियमांनी पळते. शेजारचा घोस्ट कोणत्या नियमांत पळाला होता? साठवलेली रेस जर गाडीची जागा आणि वेग टिपून ठेवलेली असेल, तर ती अपडेटनंतरही जशीच्या तशी चालेल. जुना वारा पाठीशी घेऊन. शिवाय त्याला मध्येच फोन येत नाही, त्याची बॅटरी तापून स्क्रीन अडखळत नाही. आणि त्याची कोणती धाव साठवली, रोजची की आयुष्यातली सर्वांत भारी, हेही कुणी सांगत नाही.

याहून मोठी गोष्ट जोड्या लावण्याची. स्पर्धेत आम्ही हीट, म्हणजे प्राथमिक फेरीचे गट, पाडायचो तेव्हा खेळाडूंच्या आधीच्या वेळा कागदावर असायच्या, पण त्या दिवशी कोण किती पळणार हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नसायचे. इथे आयोजकाच्या हातात एका धावपटूचा निकाल आधीपासून आहे आणि दुसऱ्याच्या, म्हणजे माझ्या, सगळ्या जुन्या वेळाही आहेत. मला निसटते हरवायचे की निसटते जिंकवायचे, हे तो शेजारी कोणता घोस्ट उभा करतो यावर ठरू शकते. तसे करतातच असा माझा आरोप नाही. पण हरल्या हरल्या पडद्यावर इंजिन अपग्रेडची जाहिरात येते, तीही खऱ्या पैशांची, तेव्हा शंका यायची ती येतेच. आणि कल्पना माझ्या डोक्यातली नाही. खेळाडूने खरेदी करावी म्हणून त्याच्यासमोर कोणाला आणायचे, या पद्धतीचे पेटंट अॅक्टिव्हिजन या गेम बनवणाऱ्या कंपनीला अमेरिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये मिळाले. आपण ते कुठल्याही गेममध्ये वापरलेले नाही, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. न वापरलेले का असेना, कागदावर ते आहे.

माझ्या गेमवाल्यांना मी हे सगळे सविस्तर कळवले. उत्तर आले, तुमचे नेट तपासून पहा.

नशिबाच्या पेट्या विकणाऱ्या गेमनी कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे खरेदीआधी सांगितले पाहिजे, असा नियम अॅपलने २०१७ च्या अखेरीस केला. घोस्टबाबत तेवढेच करा. नावाखाली ‘साठवलेली रेस’ असे लिहा, तारीख आणि गेमची आवृत्ती द्या. झेंडा-फोटो लावून जिवंत माणसाचे सोंग नको. गाडीचे गुण बदलले की त्या गाडीचे जुने घोस्ट काढून टाका. हॅक करणाऱ्याचे खाते बंद केले की त्याचे घोस्टही. (हे अजून होत नाही की काय कोण जाणे, मला अजूनही असे काही घोस्ट भेटतात की त्या वेळेत ती गाडी निम्म्या रस्त्यावरही पोचू नये.) आणि जिथे नाणी पणाला लावायला सांगता, तिथे त्याची वेळ सुरुवातीलाच पडद्यावर द्या. ती तुमच्याकडे आहेच. मग मी बघेन, लावायची की नाही.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका