जंतू आढळला, पण विषाचे जनुक?

मा. संपादक महोदय,

‘पाण्यात कॉलऱ्याचा जंतू आढळला’ एवढे कानावर आले की वाड्यावर काय होते ते सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्या विहिरीबद्दल अशीच कुणकुण पसरली आणि दोन घरांनी कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या ‘खबरदारी म्हणून’ मुलांना दिल्या. जुलाब कोणालाच नव्हते. मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले, तरी शेजारणीला समजावताना माझी दमछाक झाली. जंतू विषारी कधी होतो, हे आपण लोकांना सांगतच नाही.

कॉलऱ्याचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, हा मूळचा पाण्यातला जीव. मांडवी-जुवारी नद्यांच्या मुखासारखे निमखारे पाणी त्याला मानवते. तिथे तो बारीक कवचधारी जिवांना चिकटून राहतो. पाण्यातल्या बहुतेक व्हिब्रिओंकडे कॉलऱ्याच्या विषाचे जनुक नसतेच. ज्यांच्याकडे असते, त्यांना ते एका विषाणूकडून मिळालेले आहे, हे वॉल्डर आणि मेकॅलॅनोस या शास्त्रज्ञांनी १९९६ साली दाखवले. शिवाय जनुक असले म्हणून ते सदासर्वकाळ चालू नसते. जंतू लहान आतड्यात पोचला की त्याच्या आवरणातली टॉक्सआर आणि टीसीपीपी ही प्रथिने भोवतालची चाहूल घेतात आणि टॉक्सटी या आणखी एका प्रथिनाचे जनुक चालू करतात. टॉक्सटी मग विषाची आणि आतड्याला धरून राहणाऱ्या तंतूंची जनुके चालू करते. आतड्यातल्या बायकार्बोनेट या क्षाराने टॉक्सटीचा जोर आणखी वाढतो. पुढचा भाग मी वर्गात सांगायचे तेव्हा मुले बाक सोडून पुढे यायची: हे जंतू रासायनिक खुणा सोडून आपली गर्दी किती झाली ते ओळखतात, आणि गर्दी दाट झाली की विष बंद करून आतड्याची पकड सोडतात. जुलाबांवाटे ते पुन्हा पाण्यात.

गोव्याला हा रोग नवा नाही. १५४३ च्या इथल्या साथीचे वर्णन गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पोर्तुगीजांनी रोगाला दिलेले नाव आपल्याच ‘मोडशी’वरून घेतलेले, माझी आजी पोट बिघडले की तोच शब्द वापरायची. जंतू विष सोडतो हे मात्र १९५९ साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले.

आता गोळ्यांचे. ई. कोलाय या आतड्यातल्या दुसऱ्या एका जंतूचा रक्ती जुलाब घडवणारा एक प्रकार आहे. काही अँटिबायोटिकांचा ताण बसला की त्याच्यात विषाचे जनुक उलट जोरात चालते. जंतू मरता मरता विष वाढवून जातो! जुलाब सुरू झाले तर आधी ओआरएस पाजावे आणि डॉक्टर गाठावा. कपाटातली गोळी नको.

विषाचे जनुक सापडले नाही म्हणून पाणी न उकळता प्यावे, असे मी अजिबात म्हणत नाही. विहिरीत सांडपाणी झिरपत असेल तर इतर रोग आहेतच. माझी विनंती बातमीदारांना आहे. ‘जंतू आढळला’ एवढ्यावर न थांबता प्रयोगशाळेला दोन प्रश्न विचारा: साथ आणणारे ओ१ किंवा ओ१३९ गट आहेत का, आणि विषाच्या जनुकाची चाचणी केली का? उत्तर बातमीतच छापा. चाचणी केली नसेल तर तेही छापा, म्हणजे आम्हाला पंचायतीत जाऊन विचारता येईल.

– एक निवृत्त शिक्षिका, फोंडा