डेंग्यू झाला तेव्हा मंडळी कुठे होती?

नाशिक

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम आणि खूप आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "मम्मी, एवढा तापाने पडलो होतो, चर्चमधल्या एकाही माणसाने विचारलं नाही. आता मी तिथे पाय ठेवणार नाही." मी तेव्हा हूं की चूं केलं नाही, कारण पप्पा शेजारीच बसले होते आणि तुला डेंग्यू होऊन गेला हे त्यांना अजून माहीत नाही. शिवाय फोनवर मी आधी रागावले असते आणि मग मुद्दाच राहून गेला असता. जन्मभर नर्सिंग केलेल्या बाईच्या मुलाने प्लेटलेट खाली गेल्याचं आईपासून लपवावं, म्हणजे कमाल झाली. त्याचा हिशेब नाताळला घरी आलास की करू.

तुझी तक्रार खोटी नाही. दर रविवारी शांतीची सलामी देताना ज्यांचा हात हातात घेतो, त्यांना तीन रविवार आपली जागा रिकामी दिसू नये, याचं वाईट वाटतंच. पण एक विचारू? तू कळवलंस कोणाला? बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून बघ. कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडिलांना (जबाबदार वडीलधाऱ्यांना) बोलावून घ्यावं, असं तिथे लिहिलंय. वडिलांनी घरोघर ताप मोजत हिंडावं असं लिहिलेलं नाही. पहिला निरोप आजाऱ्याने धाडायचा. आपल्याकडे मात्र उलटा मान चालतो. आपण सांगायचं नाही, आणि समोरच्याला कळलं नाही तर रुसायचं. मी पुण्याला आले होते तेव्हा पाहिलंय, आशीर्वचन संपायच्या आत तुझ्या हातात हेल्मेट असतं. चहाला थांबत नाहीस. तुझा फ्लॅट कुठल्या गल्लीत आहे हे त्या मंडळीत कोणाला ठाऊक असणार?

हे झालं तुझ्या बाजूचं. पण म्हणून मंडळी सुटली असं मी म्हणणार नाही.

पप्पांची बायपास झाली तेव्हा तू चार दिवस येऊन परत ट्रेनिंगला गेलास, त्यामुळे पुढचं तू पाहिलं नाहीस. भेटायला खूप लोक आले. प्रत्येक जण जाताना म्हणायचा, "काही लागलं तर सांगा हं, संकोच करू नका." मनापासून म्हणायचे, यात शंका नाही. पण त्या अवस्थेत माणसाला काय लागतंय हेच सुचत नाही, आणि सुचलं तरी कोणाला फोन लावून "माझे कपडे धुऊन द्या" असं म्हणवत नाही. म्हणजे मदत करणाऱ्याने विचार करण्याचं कामही आजाऱ्याच्याच गळ्यात घातलं की नाही? त्यापेक्षा सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झालेले आपल्या मंडळीतले एक काका आले, ते वेगळे. त्यांनी काही विचारलं नाही. पिशवीत चादर आणि पाण्याची बाटली घेऊनच आले. म्हणाले, "ताई, आज रात्री मी थांबतो, तुम्ही घरी जाऊन झोपा." दुसऱ्या एकीने विजेचं बिल मागून घेतलं आणि भरून आणलं. तरुण संघातली मुलं रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन आली, त्यातल्या दोघांची नावं मला आजही माहीत नाहीत.

डब्यांची मात्र गंमत झाली. सगळ्यांनी प्रेमाने मटण आणि पुलावच आणला. पेशंटला मीठ कमी, तेल कमी, आणि आमच्या फ्रीजमध्ये रस्सा ठेवायला जागा नाही. शेवटी महिला मंडळातल्या एकीने डाएटचा कागद माझ्याकडून मागून घेतला, त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला आणि वारच वाटून दिले. सोमवारी मुगाची खिचडी कोणाकडून, मंगळवारी दुधी कोणाकडून, सगळं ठरलेलं. तेव्हापासून आपल्या मंडळीत कोणाचंही ऑपरेशन असलं की आधी पथ्य विचारतात.

आता नर्स म्हणून एक सांगते. गर्दी नेहमी चुकीच्या वेळी होते. आयसीयूच्या बाहेर वीस माणसं उभी असतात, तेव्हा करण्यासारखं काहीच नसतं. खरी गरज डिस्चार्जनंतर महिन्या-दीड महिन्याने लागते. टाके भरलेले असतात, लोक आपापल्या कामाला लागलेले असतात, आणि पेशंट खिडकीशी उगाच डोळ्यांत पाणी आणून बसतो. हृदयाच्या ऑपरेशननंतर असं मन खचणं पुष्कळांना होतं, पप्पांनाही झालं. तेव्हा ते काका रोज संध्याकाळी यायचे आणि पप्पांना कॅनडा कॉर्नरपर्यंत चालवून आणायचे. वाटेत बायबलचं एक वचनही काढायचे नाहीत, क्रिकेटवर बोलायचे. मयताच्या घरीही तेच. दफनाला रांग लागते, सांत्वनाच्या प्रार्थनेला घर पुरत नाही, आणि विधवेचा पहिला नाताळ येतो तेव्हा तिच्या दारात कोणी नसतं.

आपल्या लोकांना हे इतकं का जपावं लागतं, याचा तू कधी विचार केलास? ज्या काळात आपल्याकडच्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला, त्या काळात बारसं, लग्न, मयत सगळं भावकीच्या जिवावर चालायचं. बाप्तिस्मा घेतला की भावकी तुटायची. खांदा द्यायला माणूस मिळायचा नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंना त्यापायी नवऱ्यापासून दूर राहावं लागलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 चा. एवढ्या नावाजलेल्या घरात ही तऱ्हा, मग साध्या माणसांचं काय झालं असेल? आपल्या नाशिकच्याच शरणपूरच्या मिशनमध्ये तर गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं वाढली. त्यांना या देशात ना नातं ना गोतं. त्यातलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याच्यावर प्रार्थना वाचणारा, त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांच्या बरोबर चाललेला, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत त्याच्या दफनाला हजर असलेला हा मुलगा इथे शिकलेला होता. मंडळी हीच त्यांची भावकी. तुझ्या पिढीला नातेवाईक आहेत, पगार आहे, मेडिक्लेम आहे, म्हणून तिची गरज भासत नाही. तापात एकटं पडल्यावर भासली ना?

आणि दुर्लक्ष होणं हे काही आजचं नाही. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमेतल्या त्या नव्याकोऱ्या मंडळीत कुरकुर झाली ती रोजच्या अन्नाच्या वाटणीवरून. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वाटणीत सुटत होत्या. मला त्यात आवडतं ते हे की प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना "तुमचा विश्वास कमी" असं सुनावलं नाही. सात माणसं निवडायला लावली, आणि त्या सातांची नावं वाच, स्तेफन, फिलिप, प्रखर, सगळी ग्रीक. ज्यांच्या विधवा सुटत होत्या त्यांच्यातलीच माणसं कामावर आली, असं दिसतं. आपल्या इथेही हेच करायला हवं, असं मी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीत दोनदा बोलले. मराठी उपासना संपते, इंग्रजी सुरू होते, आणि दारात दोन गट एकमेकांना ओलांडून जातात. अंबडच्या एमआयडीसीत बाहेरून कामाला आलेली ख्रिस्ती मुलं, ईशान्येकडचे विद्यार्थी, केरळच्या नर्सेस, यांच्यातलं कोणी आजारी पडलं तर मराठी महिला मंडळाला कळणार कसं? त्यांच्यातलाच एक जण यादीवर हवा. अजून काही झालेलं नाही. मी मागे लागणार आहे.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण त्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. मंडळीने गरजूला पैसा द्यावा यात नवीन काही नाही. इ.स. 251 च्या सुमारास रोमच्या मंडळीचा बिशप कर्नेल्य याने पत्रात लिहिलंय की त्यांची मंडळी पंधराशेहून जास्त विधवा आणि गरजू माणसांना पोसते. त्याच्याही आधीचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन सांगतो, महिन्यातून एकदा ज्याला जमेल तितकं तो टाकतो, आणि ते जेवणावळीत न जाता गरिबांच्या दफनाला, अनाथांना, म्हाताऱ्या नोकरांना जातं. आपल्याकडे हंगामाच्या सणाला एका कोंबडीचा लिलाव हजारावर नेतात, द्राक्षांची पेटी बाजाराच्या चौपट भावाने घेतात आणि टाळ्या वाजवतात. वाजवू देत, मजा येते. पण त्यातला किती भाग आजाऱ्यांच्या फंडात जातो हे विचारलं की सगळे छताकडे बघतात. पौलाने करिंथकरांना लिहिताना किती काळजी घेतली आहे बघ. वर्गणी पोचवायला एकटा गेला नाही, बरोबर माणसं घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून. हिशेबावर दोन सह्या हव्यात आणि घेणाऱ्याचं नाव व्यासपीठावरून वाचलं जाऊ नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

नावावरून आठवलं. प्रार्थनेचे विषय. आपल्या लोकांच्या चहाड्या बऱ्याचदा प्रार्थनेचा विषय होऊनच बाहेर पडतात. "अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा, ती माहेरी निघून गेलीय", झालं, संध्याकाळपर्यंत नाशिकरोडपासून देवळाली कॅम्पपर्यंत खबर. ग्रुपवर टाकण्याआधी त्या माणसाला विचारायला हवं, एवढी साधी गोष्ट आहे. आणि ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लावली म्हणजे भेट घेतली असं होत नाही.

काही गोष्टींत तर नुसती प्रार्थना करून घरी पाठवणं हा मी अपराध मानते. मार खाऊन आलेल्या बाईला "सहन कर, प्रभू बघतो आहे" असं सांगणारे मंडळीचे वडील मी पाहिलेत. त्यांना मी तोंडावर बोलले आहे. तिच्यासाठी महिला हेल्पलाइन 181 आहे, तातडीच्या मदतीचा 112 आहे, आणि त्या रात्री झोपायला कोणाच्या तरी घरात एक खोली लागते. मूल संकटात असेल तर चाइल्डलाइनचा 1098. आणि तुमच्या वयाचा कोणी "जगावंसं वाटत नाही" म्हणाला, तर त्याच्यात भूत शोधत बसू नका. त्याच्याजवळ थांबा, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 लावून द्या, डॉक्टरकडे सोबत जा. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

आता तुझं. मंडळी बदलायची तर बदल, तू लहान नाहीस. पण आधी एक कर. येत्या रविवारी चहाला थांब. तुझ्यासारखी एकटी राहणारी पाच-सहा मुलं तिथे असतीलच. त्यांचे पत्ते, रक्तगट आणि घरच्यांचे नंबर एका कागदावर लिहून घ्या, एक प्रत पाळकसाहेबांकडे द्या. रविवारी ज्याची जागा रिकामी दिसेल त्याला त्याच संध्याकाळी एकाने फोन करायचा, एवढंच ठरवा. दोन रविवार फोन उचलला नाही तर दारात जायचं, जाताना दोघांनी जायचं. मुलींच्या खोलीवर मुलींनी जावं. फार मोठं काही ठरवलंत तर ते तीन महिन्यांत बंद पडेल.

आणि कोणी तुझ्याकडे डबा घेऊन आलं तर घे. "कशाला त्रास घेतलात" म्हणून परत पाठवू नकोस. आपल्या घरात ती सवय पप्पांची, तू तीच उचललीस. एकमेकांची ओझी वाहा असं वचन आहे, त्यात दुसऱ्याने आपलं वाहणंही आलं.

तुमच्या पाळकसाहेबांना फोन करून सरळ सांग, "मी आजारी होतो, कोणी आलं नाही, मला वाईट वाटलं." भांडू नकोस, पण सांग. त्यांना ठाऊक असतं तर ते आले असते, असं मला वाटतं. मागे भेटले होते तेव्हा त्यांच्या मिसेसचा गुडघा फार दुखत होता, तीही चौकशी कर, त्यांच्या घरची विचारपूस सहसा कोणी करत नाही. फोन मंगळवारी कर. सोमवार त्यांच्या सुट्टीचा असतो.

तुझी,
मम्मी