अब्जाधीशांच्या यादीत जमिनीचा रकाना कुठंय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला अब्जाधीशांवरचा लेख वाचला तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसलो. औषधं, आयटी, किराणा, तेल, बंदरं अशा रंगीत चौकटी करून कोण कशात कमावतो ते दिलंय, ठीक आहे. पण कमावतो म्हणजे कसा, हे अख्ख्या लेखात नाही. मुकेश अंबानी २०२०-२१पासून कंपनीकडून पगार घेत नाहीत, हे जाहीर आहे. मग येतं कुठून? शेअरमधून. डिव्हिडंड म्हणजे नफ्यातला वाटा मिळतो, शेअरचा भाव वाढतो आणि वाढलेल्या भावावर शेअर विकेपर्यंत टॅक्स लागत नाही. विप्रो तर अमळनेरला तेल आणि वनस्पती तुपाची कंपनी होती, तिथून कॉम्प्युटरमध्ये गेली, धंदा पार बदलला पण शेअर मालक अझीम प्रेमजींकडेच राहिले, संपत्ती झाली ती त्या शेअरमुळे. डीमार्टचे दमानी आधी शेअरबाजारातले, आणि दुकानाची जागा ते शक्यतो विकतच घेतात. आता त्यांना फक्त किराण्याच्या चौकटीत कसं बसवायचं? वारशावरची इस्टेट ड्यूटी १९८५ला गेली, संपत्तीवरचा वेल्थ टॅक्स २०१५च्या बजेटात गेला, त्यावरही एक ओळ नाही.

निदान इंदूरच्या पेपरने तरी हे विसरू नये हो. सर सेठ हुकुमचंदांनी अफू आणि कापसाच्या सट्ट्यात पैसा केला, मग इथे कापडाची मिल काढली, कलकत्त्याला जूट मिल काढली. पुढे काय झालं ते सगळ्या शहराने पाहिलंय. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ला बंद पडली, कामगारांचे २२९ कोटी कोर्टाने २००७ला ठरवले आणि २२४ कोटींचा चेक निघाला २५ डिसेंबर २०२३ला, तोही साडेबेचाळीस हेक्टर जमीन हाउसिंग बोर्डाकडे द्यायचं ठरल्यावर. तोवर कितीतरी कामगार वारले होते, पैसे घ्यायला त्यांच्या बायका आल्या, मुलं आली.

माझे वडील दुसऱ्या एका मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते, नाव लिहीत नाही. मिल बंद झाली तेव्हा ग्रॅच्युइटीचा हिशोब झाला तो शेवटच्या पगारावर, आणि तो आकडा वर्षानुवर्षं तसाच कागदावर पडून राहिला. साचे भंगारात गेले. त्याच काळात मिलच्या जमिनीचा भाव मात्र वाढतच गेला, आधी बिघ्याने बोलत होते ते नंतर स्क्वेअर फुटावर आले. म्हणजे ज्याच्या नावावर जमीन तो काही न करता श्रीमंत होत गेला आणि ज्याने तिथं रात्रपाळ्या केल्या त्याची रक्कम व्याजासकट महागाईने खाऊन टाकली. आईने अजून ती पिशवी ठेवलीय, त्यात हाजरी कार्ड आहे, फंडाची स्लिप आहे, घामाने आणि तेलाने पिवळा पडलेला गेटपास आहे. शेवटी जे हातात आलं त्यात घराचे पत्रे काढून स्लॅब टाकला, बस. वडील तोवर नव्हते. आता सांगा, माझ्या वडिलांचं क्षेत्र टेक्स्टाइल आणि मालकाचंही टेक्स्टाइल, एकाच चौकटीत दोघं, तुमच्या लेखातून वाचणाऱ्याला काय कळणार?

पुढच्या वेळी असा लेख कराल तेव्हा प्रत्येक नावासमोर जमीन किती, ती सरकारकडून कुठल्या भावाने मिळाली, शेअर किती टक्के आणि वारशाने किती आलं, एवढे रकाने टाका. हे बरंचसं कंपन्यांच्या रिपोर्टमध्ये मिळतं, शोधणारा माणूस पाहिजे.

अजून एक. रविवारी पहिलं अख्खं पान टाउनशिपच्या जाहिरातीचं असतं, बातमी तिसऱ्या पानावर सुरू होते. पेपरलाही खर्च असतो, मान्य. पण त्या जाहिरातीत रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा नंबर इतक्या बारीक अक्षरात असतो की चष्मा लावूनही वाचता येत नाही, आणि रिटायर माणसं फंडाचा पैसा तिथंच घालतात. तो नंबर मोठा छापायची अट तुम्ही नक्की घालू शकता. घाला.

आपला,
एक जुना वाचक, परदेशीपुरा, इंदूर