मेंढपाळांच्या वाड्यालाही पंचनामा हवा

महोदय,

सांगोला-मंगळवेढ्याकडचे धनगर बांधव चाऱ्याच्या शोधात घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघतात. त्यांच्या या फिरत्या मुक्कामाला वाडा म्हणतात. पाऊस कुठे, चारा कुठे, याचं गणित त्यांच्या पिढ्यांना पाठ होतं. आता ते गणित चुकतंय. माझे चुलते अजूनही मेंढरं राखतात. ते म्हणतात, दुष्काळ सोसता येतो, रात्रीतून येणारा अवकाळी नाही. डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला पुणे-नगर भागात पाऊस आणि गारठ्याने उघड्यावरच्या शेकडो मेंढ्या दगावल्या. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुराने आपल्याच सोलापूर जिल्ह्यात शेतं आणि गावं पाण्याखाली गेली.

ही माणसं हातावर हात ठेवून बसलेली नाहीत. मोबाइलवरून चाऱ्याची खबर घेतात, वाट बदलतात, मेंढरं कोंडायच्या जाळीवर, म्हणजे वाघरीवर, ताडपत्री ओढतात. लोकरीला भाव नाही म्हणून दख्खनीऐवजी मांसासाठी माडग्याळ मेंढ्या वाढवतात. पण दख्खनी काटक जात आहे, ती कळपातून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मेंढीपालनासाठी ‘महामेष’सारखी सरकारी योजना आहे, तरी वाटेत मेंढरं दगावली की पंचनामा कोणी करायचा, यावरच दिवस जातात. गाव म्हणतं, तुम्ही इथले नाही. आणि तोवर मेलेलं जनावर ठेवायचं कुठे? जिथे वाडा असेल तिथेच पंचनामा व्हावा, आंत्रविषार या मेंढ्यांच्या आतड्याच्या रोगाची लस पावसाळ्याआधी वाटेवरच मिळावी आणि हवामानाचा इशारा तालुक्यानुसार मराठीतून फोनवर यावा, ही विनंती.

– मेंढपाळ कुटुंबातील एक वाचक, सांगोला