तंबूतला गॅरिक

लंडन, रविवार

ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या चित्रात एवढं काय पाहिलंस?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

ब्रिटिश म्युझियममध्ये जुनी छापील चित्रं आधी कळवून पाहायला मिळतात. मी डेव्हिड गॅरिक या अठराव्या शतकातल्या इंग्रज नटाचं मागितलं. चित्रकार विल्यम होगार्थनं ते १७४५ च्या सुमारास रंगवलं आणि चार्ल्स ग्रिनियनच्या जोडीनं तांब्याच्या पत्र्यावर कोरून १७४६ साली छापलं. प्रसंग शेक्सपिअरच्या 'तिसरा रिचर्ड' नाटकातला, बॉसवर्थच्या लढाईची आदली रात्र. राजा रिचर्ड, म्हणजे त्या भूमिकेतला गॅरिक, तंबूत दचकून उठलाय. ज्यांचे जीव घेतले ते सगळे स्वप्नात येऊन गेलेत. एका हातात तलवार, दुसऱ्या हाताची बोटं फाकलेली. आणि डोळे! बाबा, तिथं नुसत्या रेघा आहेत हो. दाट कोरल्या की अंधार, विरळ सोडल्या की दिव्याचा उजेड. भीतीसुद्धा त्यातूनच उभी केलीय.

याच भूमिकेनं गॅरिक एका रात्रीत गाजला, १९ ऑक्टोबर १७४१ ला. वय चोवीस, धंदा वाइनचा. जाहिरातीत नाव नव्हतं, पूर्वी कधी रंगभूमीवर न आलेला एक सद्गृहस्थ, एवढंच. खरं तर त्याच उन्हाळ्यात त्यानं दुसऱ्याच नावानं कामं केली होती. घरच्यांना काय वाटेल ही धास्ती! आजोबांपासून लपवून तालमीला जायचात ना तुम्ही, तेच आठवलं.

हे ज्या गुडमन्स फील्ड्सच्या थिएटरात झालं, तेही परवान्याचं नव्हतं. १७३७ च्या कायद्यानं लंडनमध्ये गद्य नाटकं दोनच थिएटरांना करता यायची. मग इथं तिकीट लावायचे गाण्याच्या मैफलीचं, आणि मधल्या वेळात नाटक 'फुकट' दाखवायचे. मला तर ही युक्ती फार आवडली.

मूळ रंगीत चित्र एका श्रीमंतानं २०० पौंडांना घेतलं. ते त्याच्या घरात गेलं. गॅरिकचा चेहरा गावोगाव नेला तो कागदानं. होगार्थची आधीची चित्रं दुकानदारांनी सर्रास चोरून छापली होती. त्यानं इतर कलावंतांना बरोबर घेऊन पार्लमेंटकडे धाव घेतली आणि १७३५ साली कायदा झाला. नव्या कोरीव चित्रावर चौदा वर्षं कोरणाऱ्याचाच हक्क. हा आधार नसता तर तो एवढ्या मेहनतीला बसला असता असं मला वाटत नाही.

तुमचा राज्य नाट्य स्पर्धेतला एकच फोटो आहे घरात, आणि त्यातही तुम्ही पाठमोरे. चित्र परत देताना तोच डोळ्यांसमोर आला, आणि मी आणखी पाच मिनिटं मागून घेतली.

मूळ चित्र लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे, चांगलं भिंतभर. मे महिन्यात तुम्ही दोघं आलात की जाऊ. तो फाकलेला हात शेवटच्या रांगेपर्यंत पोचला असता का, हे तुम्ही बघून सांगा.

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावतेय ना ती?

तुमची,
ताई