ताटातला ट्राउट नदीतला नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला तीर्थन खोऱ्यावरचा लेख वाचला. फोटो झकास होते, आणि लोकांनी मनाली सोडून जरा दुसरीकडे वळावं हेही पटलं, पण "दिवाळीच्या सुट्टीत जा आणि नदीतला ताजा ट्राउट तळून घ्या" असं जे त्यात लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. ट्राउट हा गार पाण्यातला मासा, आणि हिमाचलात तो असलेल्या नद्या-ओढ्यांत १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. म्हणजे नोव्हेंबरातली दिवाळी, नाताळ, थर्टी फर्स्ट, आपली मंडळी गाड्या भरून तिकडे जातात ते नेमकं बंदीच्या काळात. आपल्याकडे जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते तसंच हे, फक्त हे कोणी पर्यटकांना सांगत नाही.

बंदी आहे कारण थंडीतच ब्राउन ट्राउट, म्हणजे तिथल्या नदीतली जात, अंडी घालतो. मादी उथळ वाहत्या पाण्यात शेपटीने गोटे उकरून खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि वरून परत बारीक गोटे लोटते, मग गार पाण्यात पिल्लं बाहेर यायला दोन-तीन महिने लागतात आणि तेवढा वेळ त्या गोट्यांच्या फटीतून स्वच्छ पाणी खेळतं राहायला लागतं. गाळ बसला की अंडी गुदमरली. आता याच उथळ जागी लोक रील काढायला जीप घालतात!

आम्ही काही मित्र तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या वरच्या अंगाला फ्लाय फिशिंगला, म्हणजे गरीला खोटी माशी लावून गरवायला, जातो, मार्च-एप्रिलमधे नाहीतर पाऊस सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात. मे-जूनला बर्फाचं पाणी येऊन नदी गढूळ होते, तेव्हा जाण्यात अर्थ नाही. आमच्यातला एक मालवणचा, लहानपणापासून खाडीत गरवणारा, त्याला पहिल्यांदा पिसं आणि दोरा गुंडाळलेली ती एवढीशी माशी दाखवली तर म्हणाला, "ह्या खाऊक मासो येतलो?" गंमत म्हणजे माशीला वजन नसतंच, फेकायची असते ती जाड लाईन, माशी तिच्या मागून जाते. मासा प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला उभा असतो म्हणून आपण खालून वर सरकायचं, त्याच्या पाठीमागून, आणि सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. आता तोच मालवणकर सगळ्यात आधी कंबरभर गार पाण्यात उतरतो आणि चहाला हाका मारल्या तरी येत नाही. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाकायचा, मासा लागला तर हात ओले करून धरायचा, पाण्यातच गरी सोडवायची आणि जाऊ द्यायचं. परवाना मत्स्य विभागाकडून मिळतो, तो खिशात ठेवायचा.

एका डिसेंबरात मात्र नुसतं फिरायला गेलो होतो तेव्हा मुक्कामाच्या जागी (नाव लिहीत नाही) आपल्याकडच्याच एका ग्रुपने "फार्मचा नको, नदीचाच पाहिजे" असा हट्ट धरला, मालक आधी नाही म्हणाला, पैसे वाढले तसा गप्प झाला, आणि रात्री दोन पोरं जाळं घेऊन गेली. सकाळी प्लास्टिकच्या पिशवीत तीन मासे, त्यातल्या एकीचं पोट चिरल्यावर केशरी अंडी भसाभसा मोरीत. ग्रुपने व्हिडिओ काढला. मी पोरांना दोष देत नाही, मागणी कुणाची होती?

आणि खायचाच असेल तर अडचण काहीच नाहीये. कुलू जिल्ह्यात ट्राउट फार्म भरपूर आहेत, तिथला मासा बहुतेक रेनबो, अंगावर आडवा गुलाबी पट्टा असतो. नदीतला ब्राउन, त्याला लाल-काळे ठिपके. चवीचं म्हणाल तर आलं-लसूण-मसाल्यात तळल्यावर फरक ओळखून दाखवा.

काहीजण म्हणतात ट्राउट तरी कुठे तिथला, साहेबाने आणलेला. बरोबर आहे, १९०९ मधे काश्मीरमधून कुलूत आला, आणि स्थानिक स्नो ट्राउटला (जो खरं तर कार्पच्या कुळातला) त्याचा त्रास होतो हेही खरं, त्यावर जरूर बोलावं. पण रात्री टाकलेलं जाळं काही ब्राउन आणि स्नो ट्राउट निवडत बसत नाही, दोघांनाही उचलतं. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प नकोत म्हणून तिथली माणसं, बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब वगैरे, कोर्टापर्यंत भांडली, म्हणून ती नदी अजून मोकळी वाहतेय. ती आपण सुट्टीत जाऊन ओरबाडायची का?

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या अंकात बंदीच्या तारखा, परवान्याची माहिती आणि फार्मचा मासा मागा असं एका चौकटीत छापा, जरा ठळक टायपात. दिवाळीची बुकिंग आत्ताच सुरू झालीयेत.

आपला,
एक गरवणारा वाचक, डोंबिवली